चौदापैकी सहा

प्रिय बुटके,

सात महिन्यांनी माझं पत्र आलेलं बघून तू आधी पाकीट उलटसुलट करून पाहिलं असशील, कोण गेलं म्हणून. कोणी गेलेलं नाही. आमचे हे ठणठणीत आहेत. पत्राला बसल्यापासून शेजारी बसून शब्द सुचवत होते, म्हणून त्यांना बटाटे आणायला पिटाळलंय. डोळ्याच्या ऑपरेशनपासून तुला बारीक अक्षर दिसत नाही असं नर्सबाई म्हणाल्या, तेव्हा अक्षर मोठं काढलंय. कागद जास्त लागेल, पण जन्मभर मोठ्यानं बोललेल्या बाईला मोठं लिहायला काय जड आहे.

मुद्द्याचं आधी सांगते. येत्या शनिवारी सकाळी दहाला धान्यघराची बैठक आहे, आणि तू परत येऊन ते चालवायला घ्यावंस असं सगळ्यांचं एकमत झालंय. बोलवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण तुला घालवलं मी. तू आली नाहीस तर मीच प्रमुख राहणार, असं मी म्हटलं तेव्हा गिरणीवाल्या काकांचा चेहरा इतका पडला की मला जरा लागलंच.

तो दिवस तुला आठवत असेलच. जुन्या दवाखान्यामागच्या दोन खोल्या आपण दोघींनी झाडून घेतल्या त्याला नऊ वर्षं झाली. ज्याला जमेल त्यानं आणून टाकायचं, ज्याला लागेल त्यानं गुरुवारी न्यायचं आणि कुणाला काही विचारायचं नाही, हा नियम तुझा. मला तो सुरुवातीपासून पटला नव्हता. मग एक माणूस मोटारसायकलवरून येऊन पीठ घेऊन गेलेला मी पाहिला आणि माझं डोकं फिरलं. मोटारसायकल मेहुण्याची होती हे नंतर कळलं. तोवर मी रात्रीचं जेवण सोडून चौदा प्रश्नांचा फॉर्म तयार केला होता. सातवा प्रश्न होता, घरात किती माणसं जेवतात आणि का. तो ‘आणि का’ लिहिण्याच्या भरात पडला, पण खोडायला सांगायची कुणाची छाती झाली नाही. अकराव्यात, ही वेळ कशामुळे आली ते पाच ओळींत लिहा. तू म्हणालीस, भुकेला माणूस पीठ न्यायला येतो, निबंध लिहायला नाही. मी सगळ्यांदेखत म्हणाले, जाणाऱ्याला दार मोकळं आहे. तू किल्ली टेबलावर ठेवलीस आणि गेलीस. शाळेत एका बाकावर बसलेल्या आपण, आणि तू मागे वळूनही बघितलं नाहीस. मीही हाक मारली नाही.

पुढचं तुला कुणी सांगितलं असेल तर अर्धंच सांगितलं असेल. फॉर्म तपासायला मी आपल्या हेडमास्तर सरांना बसवलं. माणूस देवासारखा, पण छत्तीस वर्षांची सवय, समोर लिहिलेला कागद आला की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. पहिल्याच गुरुवारी धोबीणआजी आल्या. नातीकडून कसाबसा फॉर्म भरून आणला होता. सरांनी तो शांतपणे तपासला, दोन ठिकाणी गोल केले, खाली ‘चौदापैकी सहा, सुधारणेस वाव आहे’ असं लिहून सही केली आणि परत दिला. आजी बिचाऱ्या कागद घेऊन तशाच घरी गेल्या. वाटेत भेटेल त्याला सांगत गेल्या की आता तांदळासाठी परीक्षा आहे आणि आपण काही त्यात बसलो नाही.

गुरुवारी साठ माणसं यायची, ती एकोणीसवर आली. आणि मी काय केलं असेल म्हणतेस? पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. बैठकीत उभी राहून म्हणाले की बघा, खोटे गळाले, खरे राहिले. सर खाली बघत होते. मला वाटलं, विनयानं.

गंमत पुढेच आहे. येणारे एकोणीस, तरी फळ्या साठ जणांसारख्या रिकाम्या होऊ लागल्या. तेल जाई, साखर जाई, तांदळाचं पोतं बघता बघता बसकण मारी. मी बैठक बोलावली आणि चोर आहे म्हणून सांगितलं. सगळे एकजात खवळले. पोस्टमन म्हणाला, असल्या माणसाला भर चौकात उभा करा. नर्सबाई म्हणाल्या, नवीन कुलूप घाला. गिरणीवाल्या काकांनी पदरचं भक्कम कुलूप आणून दिलं, आणि आळीपाळीनं राखण करायची म्हणून प्रत्येकानं एकेक किल्ली मागून घेतली. मला भरून आलं. अशी माणसं शोधून सापडायची नाहीत, असं मी ह्यांना म्हणालेसुद्धा.

बुधवारी धान्यघर बंद असतं. मी सकाळीच आत जाऊन रिकाम्या पोत्यांच्या आड स्टूल टाकून बसले. अकरा वाजता कुलूप निघालं आणि पोस्टमन आला. साखरेचे नि वाटाण्यांचे पुडे काढले, खाकी कागदात बांधले, वर पत्ते घातले आणि चक्क शिक्काही मारला. नंतर म्हणतो कसा, फुकटचं नको म्हणणारी माणसंही आपल्या नावाचं पार्सल कधी परत करत नाहीत. तो बांधत असतानाच नर्सबाई आल्या. त्या तेल औषधाच्या बाटल्यांत भरत होत्या आणि चिठ्ठी डकवत होत्या, दिवसातून दोनदा, जेवणातून. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही पाहणीला आलोय म्हणाले. तेवढ्यात गिरणीवाले काका रिकामा डबा घेऊन हजर. दळायला दोन पायली आणणाऱ्याला ते तीन पायल्यांचं पीठ देतात आणि गिरणीला चिकटलेलं निघालं म्हणून सांगतात. त्यांची गिरणी गेले सात महिने रोज पायलीभर पीठ चिकटवून ठेवते आहे आणि गावात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. सगळ्यांत शेवटी सर आले, हातात मिटलेली छत्री, छत्रीत तांदूळ भरायची तयारी. धोबीणआजींना त्यांनी सांगितलंय की पेपर पुन्हा तपासला, तुम्ही पास आहात, तांदूळ घरपोच मिळेल.

मला पिठानं शिंक आली. पोत्यांमागून मी बाहेर आले तेव्हा नखशिखांत पांढरी होते. नर्सबाई किंचाळल्या, काका डब्यावर बसले. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच हे करतोय. मी मग अर्धा तास प्रामाणिकपणावर बोलले. मी बोलले म्हणजे कशी बोलले असेन तुला ठाऊक आहे. चौघं मान खाली घालून ऐकत होते, आणि माझं झाल्यावर सर हळूच म्हणाले, बाई, चोरी थांबवायचा एकच उपाय आहे, फॉर्म बंद करा आणि तुमच्या मैत्रिणीला परत बोलवा. फॉर्मचे उरलेले कागद आता काकांकडे पुड्या बांधायला गेलेत.

आता ज्यासाठी खरं तर बसले ते लिहिते, हे बटाटे घेऊन यायच्या आत. ते चौघं कबुली देत होते तेव्हा पाचवा चोर गप्प उभा होता. चोर आहे म्हणून मी जेव्हा बोंब मारली, तेव्हा माझा विचार सरळ होता, मी तर सोमवारी एकच पिशवी नेते, तेवढ्यानं फळ्या रिकाम्या होत नाहीत, म्हणजे आणखी कुणीतरी नक्की आहे. डोळ्यापायी तुझ्या शिवणाच्या मशीनचा आवाज रस्त्यावर येईनासा झाला तेव्हापासून, दर सोमवारी दुपारी तू आडवी झालीस की मागच्या फाटकाला पिशवी अडकवून पळ काढणारी मी होते. या गुडघ्यांनी जेवढं पळता येतं तेवढं. पोस्टमन ठेवत असेल असं तुला वाटावं, अशी माझी फार इच्छा होती. मागच्या सोमवारी पळताना माझा चष्मा पडला. या सोमवारी नेहमीसारखी घडी केलेली रिकामी पिशवी फाटकावर होती, आणि तिच्यात चष्मा, शिवणाच्या चिंधीत गुंडाळलेला, काचा लख्ख पुसलेल्या. चिठ्ठी नाही, काही नाही. तिथेच उभी राहून रडले गं मी, तो पुसलेला चष्मा लावून. मी लोकांना चौदा प्रश्न विचारले आणि तू मला एकही विचारला नाहीस. चुकले मी. शनिवारी ये.

तुझीच,
लंबू