सासूबाईंचं दुकान, मोबाइलवर

३ जून
लॅपटॉपवर दुकान झकास दिसतं. मोबाइलवर उघडलं की सगळं एकमेकांच्या उरावर! किंमत पुस्तकाच्या नावावर, नाव मुखपृष्ठावर, आणि 'विकत घ्या'चं बटण पडद्याबाहेर पळालेलं. दिवसभर तेच बसवत होते. मान आखडली.

माझी वेबसाइट बनवण्याची नोकरी गेली तेव्हा नवरा म्हणाला होता, "घरचंच काम कर की. आपलं पुस्तकांचं दुकान ऑनलाइन आण." घरच्या कामाला सुट्टी नसते, हे मला कळायला हवं होतं.

५ जून
जेवताना नवऱ्याने अट पुन्हा ऐकवली, सासूबाईंच्या देखत. तीस तारखेपर्यंत आईला ऑनलाइन ऑर्डरी एकटीने सांभाळता आल्या तर दुकान राहील. नाहीतर गाळा औषधवाल्याला. त्याचंही चूक नाही — तो ऑफिसात, मला आज ना उद्या नोकरी लागेल, मग बघणार कोण?

सासूबाईंनी ताट उचललं आणि आत गेल्या. सासरे गेल्यापासून अडीच वर्षं त्या एकट्या दुकान चालवताहेत. गाळा गेला तर त्यांनी दिवसभर करायचं काय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

९ जून
सहाशे पुस्तकं चढवून झाली. सासूबाईंना म्हटलं, प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहून द्या. "मी सांगते, तू लिही." आणि काय सांगतात! "हा माणूस भांडून घर सोडतो आणि शेवटी समोरच्याच घरात राहायला येतो. रडू येतं, पण पैसे वसूल." तसंच्या तसं टाकलं.

मात्र नवी पुस्तकं नकोत! दोन वर्षांतली खोकी तशीच बांधलेली. "नव्यांत दम नाही." न उघडताच कळतं यांना. दगडावर डोकं आपटणं आहे हे.

१२ जून
मोबाइलवर पान उघडायला चौदा सेकंद. मुखपृष्ठांची चित्रं जड, म्हणून. शेवटी लहान पडद्यावर चित्रंच बंद केली — नुसतं पुस्तकाचं नाव आणि लेखक. दोन सेकंद! आठवडाभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

१३ जून
सासूबाईंच्या मोबाइलवर खोटी ऑर्डर पाठवली. म्हटलं, बघा आणि पुस्तक काढून आणा. त्या बघतच राहिल्या.

"चित्रं कुठे गेली?"

"काढली. पान पटकन उघडतं."

"परत लाव. मला नाही आवडलं."

"आवडीचा प्रश्न नाहीये, आई!" — आवाज चढला माझा, तोही गिऱ्हाइकासमोर. त्यांनी मोबाइल खणात टाकला आणि पाठ फिरवली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

१४ जून
बोलणं बंद. नवरा म्हणतो, "तुम्ही दोघी बघा काय ते." बघतेच आहोत.

१६ जून
आज एक बाई एका जुन्या कादंबरीची नवी आवृत्ती मागत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "संपली." नवी आवृत्ती मीच काल एका खोक्यातून काढून त्यांच्या समोरच्या फळीवर लावली होती — मुखपृष्ठ बदललेलं, पण नाव बोटाएवढ्या लाल अक्षरांत. मी मागे पार्सल बांधत होते. हात थांबला.

मग एकेक आठवत गेलं. "पत्ता तुम्हीच लिहा, माझं अक्षर वाईट." "तू लिही, मी सांगते." न उघडलेली खोकी. "चित्रं कुठे गेली?"

बाई गेल्यावर सासूबाईच म्हणाल्या, "कळलं ना तुला? आकडे येतात मला, अक्षरं नाही. हे रोज दुपारी दार लावून वाचून दाखवायचे. एकूणएक पुस्तक." थोड्या वेळाने — "त्याला सांगू नकोस."

त्याला. स्वतःच्या मुलाला! तेरा तारखेचं पान मी परत वाचलं. लाज वाटली.

२० जून
चार दिवस सगळं उसकटून पुन्हा मांडते आहे. मुखपृष्ठं परत, मोठी. प्रत्येक चित्र हलकं करून चढवलं. खाली फळीचा आकडा. पत्त्याची चिठ्ठी आपोआप छापली जाते. पान चार सेकंदांत उघडतं. डोळे चुरचुरताहेत.

दुपारी दार लावून नव्या खोक्यातलं एक वाचून दाखवलं. तीस पानांनंतर सासूबाई म्हणाल्या, "दम आहे की यात!"

२८ जून
दहा खोट्या ऑर्डरी, दहाही बरोबर. "एवढंच होतं होय!" म्हणे.

३० जून
नवरा रजा घेऊन दुकानात परीक्षा घ्यायला बसला. पाच ऑर्डरी टाकल्या. सासूबाईंनी पाच पुस्तकं काढली, बांधली, चिठ्ठ्या चिकटवल्या. सहाव्या ऑर्डरीत त्याने गिऱ्हाइकाच्या निरोपाची चौकट भरली. ती चौकट मीच ठेवली होती आणि मीच विसरले होते. नुसती अक्षरं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तोच म्हणाल्या, "थांब तू." मग त्याला — "मला वाचता येत नाही."

तो हसला. मग हसायचा थांबला. "पण बाबा... माझ्या शाळेची प्रगतिपुस्तकं..."

"तेच वाचायचे. मीच त्यांना सांगू दिलं नाही. आता दे गाळा औषधवाल्याला. हरले मी."

तो स्टुलावर बसला. मग आईचा मोबाइल उचलला आणि निरोप वाचून दाखवला. "वाढदिवसाची भेट आहे. किंमत दिसू देऊ नका." सासूबाईंनी सहावं पुस्तक फळीवरून घेतलं, किमतीची चिठ्ठी खरवडून काढली आणि नवा कागद गुंडाळला.

औषधवाल्याला संध्याकाळी त्यानेच फोन केला. गाळा नाही म्हणून सांगितलं.

२ जुलै
सासूबाई सकाळी कोरी वही आणि पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसल्या. "शिकव." म्हटलं, शिकवते. शिकल्यावर पहिलं काय वाचणार? सहाशे पुस्तकं आहेत, नवी खोकी वेगळीच. त्यांनी या रोजनिशीकडे बोट दाखवलं.