सहावं बटण

काडी फुंकून विझवली तोवर दोन बोटं जळून गेलं होतं (माझी बोटं नव्हेत, ती शाबूत आहेत, दोन बोटं लांबीचं काय जळलं, ते सांगण्यासाठीच हे पत्र), आणि वास नाकात गेल्यावर मी मशीनपुढच्या स्टुलावर जो बसलो तो बराच वेळ उठलो नाही.

मामा, तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. नमस्कार पत्राच्या माथ्यावर हवा हे ठाऊक आहे, पण आज माझाच माथा ठिकाणावर नाही. गुडघा कसा आहे? खोकल्याचं औषध घेता की नुसतं उशाशी ठेवता? धाकटीच्या लग्नाला दहा दिवस उरले, घरात पाय ठेवायला जागा नसेल. इकडे सगळे सुखरूप. तुमचा कोटही सुखरूप. अस्तर नवं लावलं, उतरलेला खांदा बसवला. बटणांचं पुढे सांगतो.

कोटाला तुम्ही चिठ्ठी टाचली होती: फक्त अस्तर बदलणे, बटणांना हात लावू नये, सहाव्याला मुळीच नाही. मला वाटलं, वय झालं की माणूस एकेक वस्तू धरून बसतो (तुमचं वय झालं असं म्हणत नाही, सर्वसाधारण बोलतोय). चिठ्ठी मी काढून जपून ठेवली. चिठ्ठी जपली.

सोमवारी शाळेतल्या विज्ञानाच्या बाई दुकानात आल्या. उंच, सडपातळ, मुलं त्यांना परीक्षानळी म्हणतात. शाळेत प्रदर्शन आहे आणि त्यांना साखरेचा एक रेणू करून हवा होता, आपल्या रक्तात फिरते त्या साखरेचा. रेणू म्हणजे साखरेचा शेवटचा कण, त्याहून बारीक केला तर ती साखरच राहत नाही. सुईच्या टोकावर असे किती मावतील तेही त्या सांगायला लागल्या, पण शून्यं मोजता मोजता माझ्या हातून एका पँटची उंची चुकली. तर ह्या रेणूत सहा कार्बन, सहा ऑक्सिजन, बारा हायड्रोजन. कार्बनला चार हात, ऑक्सिजनला दोन, हायड्रोजनला एक. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे आणि एकही हात मोकळा राहता कामा नये. मी म्हणालो, बाई, हे तर आमच्या डब्यात आहे. चार भोकांचं बटण, दोन भोकांचं बटण, आणि मागे एकच कडी असलेलं बटण. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. पस्तीस वर्षांच्या धंद्यात माझ्याकडे कुणी तसं बघितलेलं नाही, तुम्ही तर नाहीच.

लाल सहा निघाली, कडीची पांढरी बारा निघाली. चार भोकांची काळी, मोठी, एकसारखी सहा मात्र डब्यात नव्हती. बटणवाला परगावी. आणि समोर खुंटीला तुमचा कोट. बाईंनी फार आग्रह केला.

त्याआधी दुसरीच फजिती झाली. सरावासाठी डब्यातली मिळतील ती बटणं घेऊन मी पडद्याएवढ्या पांढऱ्या कापडावर चोवीसच्या चोवीस लावली. चारी भोकांतून फुली, मागे गाठ, तुम्ही शिकवलंत तशी. ओढून बघा, कापड फाटेल पण बटण निघणार नाही. बाई आल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “मास्तर, बटण कापडाला नाही, बटणाला लावायचं.” खरंच की. चोवीसही जण आपापल्या जागी पक्के बसले होते आणि कुणाचा कुणाशी संबंध नव्हता. आमच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांसारखं झालं होतं. सगळं उसवलं आणि जन्मात पहिल्यांदा बटणाला बटण लावलं. पाच काळी आणि एक लाल मिळून कडं होतं, सहावं काळं कड्याबाहेर टांगलेलं राहतं. मी विचारलं, हे बिचारं बाहेर का? बाई म्हणाल्या, बाहेर नाही, शेजाऱ्याने नुसता एक हात धरलाय, पण सोडत नाही.

मामा, तुम्ही हसाल, पण मी कामात असा कधी रमलो नव्हतो. बाई दोरा बघत सहज म्हणाल्या की हेच कडं, हजारोंनी एकापुढे एक जोडलं की कापूस होतो. म्हणजे मी साखरेने साखर शिवत होतो. पस्तीस वर्षं सुईत ओवायला दोरा तोंडात ओला करतोय, एकदाही गोड लागला नाही. बाई म्हणतात, जोड निराळा आहे, आपल्या पोटाला तो सोडवता येत नाही. त्या गेल्यावर मी पुन्हा चाटून बघितला. नाही लागला.

मग आज दुपारी तुमची बटणं काढली. पाच निघाली, कापडावर गेली. सहाव्याखाली साध्या दोऱ्याला पीळ घातलेला आणखी एक धागा दिसला. बारीक, तुकतुकीत. रेशीम असेल म्हणून तुमच्याच शिकवणीप्रमाणे काडी लावली. सुती जळलं की कागदाचा वास, लोकर जळली की केसांचा. कसलंही अनोळखी कापड आलं की आधी जाळून बघ, हे तुम्ही मला सुई धरायच्या आधी शिकवलंत. वास केसांचा आला. उरलेलं उजेडात धरलं. एका टोकाला पांढरं, पुढे काळं. दोरा असा पिकत नाही.

तुमच्या काळात बटणं ह्या दुकानात एकाच माणसाने लावली. मामींना जाऊन चार वर्षं झाली.

बाई कापड न्यायला आल्या तेव्हा मी स्टुलावरच होतो. त्यांना सगळं सांगितलं. त्या खाली बसल्या, कोटाची बाही हातात घेतली आणि हळूहळू बोलत राहिल्या. कोटाची लोकर, बटणाचं शिंग, आपली नखं, हा केस, सगळं एकाच जातीचं सूत आहे म्हणाल्या, आणि त्याचा कणा तोच चार हातांचा कार्बन. वास सारखा येतो तो त्यामुळे. इतकी वर्षं मी तो वास ओळखत होतो आणि का ते कधी विचारलं नव्हतं. मी विचारलं, जळलं ते गेलं कुठे?

“जरासं काळं तुमच्या बोटाला लागलंय. बाकीचं हवेत. समोरच्या झाडाने घेतलं तर पान होईल.”

कापड अपुरंच, म्हणून ते इथेच ठेवून त्या गेल्यावर मी बाहेर जाऊन झाडाखाली उभा राहिलो. गळ्यात टेप होती. चहावाल्याने विचारलं, झाडाला सदरा शिवताय का? मी हो म्हणालो. एवढं मोठं झाड हवेतून विणलं जातं आणि त्याला कुठे शिवण दिसत नाही. मामी अशीच काजं करायच्या.

तुमचा भाचा

ता. क. बाईंनी आग्रह केला असं वर लिहिलं ते खोटं आहे. त्या पुठ्ठ्याच्या चकत्या चालतील म्हणत होत्या. त्यांनी माझ्याकडे तसं पुन्हा एकदा बघावं म्हणून कोट मीच खुंटीवरून काढला.

आणखी एक. वीतभर केस शिल्लक आहे. माझ्यावर हवं तेवढं ओरडा, तुम्ही मला मारायचात ती गजाची पट्टी माळ्यावर आहे तीही काढून ठेवतो, पण कोट कुणाबरोबर मागवू नका, न्यायला स्वतः या. ते बटण मी लावणार नाही.

सकाळी पाकीट चिकटवायच्या आधी लिहितोय. बटणवाला आला. त्याच्याकडून सहा काळी घेऊन शाळेच्या कापडावर लावली. तुमची पाच कोटावर परत गेली. सहावं पुडीत आहे. सुईत दोरा आणि केस एकत्र ओवून ठेवले आहेत.