तू 'हं' म्हणायचास

लातूर,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुदर्शन,

शरणू! माझ्या या नमस्कारावर तू हदगावहून मोठ्यानं 'रामराम' म्हटलंस असं समजून पुढे लिहितो. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस. पण पोस्टमन तुझ्या ओसरीवर चहा घेतल्याशिवाय हलत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून हा जुना मार्ग.

इकडे सगळे मजेत. गंजगोलाईच्या बाजारात लग्नसराईची गर्दी आहे, दुकानात दिवसभर भांड्यांचा खणखणाट. मंजुश्री म्हणते, घरी आल्यावरही मी बायकोशी गिऱ्हाइकासारखाच ओरडून बोलतो. तुझा कापूस घरात आला का? हरभरा कसा आहे?

बातमी अशी, की आपला कॅमेरा थकलाय. शटर मधेच अडकतं आणि फोटो निम्मा काळा येतो. दुरुस्तीवाल्यानं तो कानाशी धरून दाबून पाहिला आणि म्हणाला, "काका, ह्येचे पार्ट आता येत न्हाईत. चालतंय तवर चालवा, न्हाईतर देऊन टाका."

मग नवा बघून आलो. काय देखणं प्रकरण आहे रे! हलका, मुका, आणि पाखराचा डोळा आपला आपणच शोधून धरून ठेवतो. मी दुकानात हरखून उभा. तुझी लांब लेन्स त्याला थेट बसत नाही, मधे एक जोडणारं अ‍ॅडॅप्टर घालावं लागतं. ते मिळतं म्हणे. पण ज्याला सगळं आपलं आपण दिसतं, त्याला तुझा हात कशाला लागेल?

आपली रीत आठवते का? तुझ्या लेन्सची मोटर जळाली तेव्हा लोक म्हणाले, आता ही भंगारात घाला. आपण तिपाई रोवून दोघं बसायला लागलो. तू कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे बघत हळूहळू लेन्सचं फोकसचं कडं फिरवायचास, मी नुसत्या डोळ्यानं पाखराकडे बघायचो. चित्र साफ झालं की तू 'हं' म्हणायचास आणि मी बटण दाबायचो. एका फोटोला दोन माणसं! मंजुश्री अजून हसते.

हल्ली पहाटे एक स्वप्न पडतं. किनवटच्या बाजूची पैनगंगा, पाणी वाहतंय की धुकं वाहतंय ते कळत नाही. पलीकडे पळस पेटलेत, पण तेही धुक्यातच, ओल्या कागदावर रंग पसरावा तसे. समोरच्या फांदीवर निळा खंड्या. माझं बोट बटणावर. मी वाट बघतो. कुणी काही म्हणत नाही. खंड्या उडत नाही, ऊन वर येत नाही, सगळं तिथंच थांबून राहतं. जाग येते तेव्हा बोट उशीवर दाबलेलं असतं.

लिहायचं होतं ते अजून लिहिलंच नाही.

तारामती वहिनींना जाऊन वर्ष होत आलं. तेराव्याला पाटावर आधार कार्डावरून मोठा केलेला फोटो ठेवला होता. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "एवढी पाखरं काढली आपण, संगमेश. घरच्या बाईचा एक धड फोटो न्हाई." त्या दिवसापासून तू लेन्स ट्रंकेत टाकलीस आणि माझ्याशी बोलणंही सोडलंस.

परवा जुना कॅमेरा बदल्यात द्यायचा म्हणून बॅग रिकामी केली. बाजूच्या कप्प्यात कॅमेऱ्याचं एक मेमरी कार्ड सापडलं. वहिनी आपल्याबरोबर किनवटला आल्या होत्या, त्या दिवशी मोठं कार्ड भरलं म्हणून हे घातलं होतं. नंतर मी विसरूनच गेलो. त्यात खंड्याचे मोजके फोटो, आणि शेवटचा खंड्याचा नाही. वहिनी भाकरीचा डबा घेऊन आपल्याच काठावरच्या पळसाखालून नेमक्या लेन्ससमोर आल्या. "उठा आता. पाखरू जेवाया घालनार हाय का तुमाला?" तू कडं फिरवता फिरवता हसलास आणि हसता हसताच 'हं' म्हणालास. मी सवयीनं दाबलं.

फोटो जरा हललाय. तुझ्याच हातानं. मागचा पळस नुसता केशरी धूर झालाय. पण हसू वहिनींचंच आहे, सुदर्शन. आपल्याला रागावताना त्यांना येणारं, ओठ दाबूनही न थांबणारं. नव्या कॅमेऱ्यानं त्यांची पापणीन् पापणी टिपली असती. पण तो हसला नसता. मी कॅमेरा मांडीवर घेऊन लहान पोरासारखा रडलो.

दुकानदाराला नाही म्हणून सांगितलं. या शटरमध्ये जेवढा जीव उरलाय, तो मला तुझ्या लेन्सबरोबर संपवायचा आहे. दुसऱ्या कशावर नाही.

फोटो पाकिटात आहे, जाड कागदात गुंडाळलेला. लेन्सला दोन दिवस ऊन दाखव, ट्रंकेत बुरशी धरते. महिनाअखेरीस पळस फुलेल. मी सकाळच्या गाडीनं हदगावला उतरेन, तिथून दोघं किनवटला जाऊ. भाकरी मंजुश्री बांधून देईल.

मोठं उत्तर नको. फोन लाव, आणि मी उचलला की नुसतं 'हं' म्हण.

बटणावर बोट ठेवून बसलेला,
तुझा
संगमेश