पूर्वेकडची खोली आणि टॅमसिनची सही

परमेश्वराला स्मरून मी, केझाया फार्नम, दिवंगत जोथम फार्नम यांची पत्नी, वय एकोणसाठ, राहणार एल्मफर्ड, मॅसॅच्युसेट्स, राजीखुशीने लिहून ठेवते की, छाती खोकल्याने भरली असली तरी माझे डोके ठिकाणावर आहे. हा कागद बिनशिक्क्याचा आहे. बावीस वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाने असल्या कागदावरही शिक्का विकत घ्यायला लावला होता, अगदी मरणाऱ्याच्या शेवटच्या इच्छेवरसुद्धा. सगळे तिथून सुरू झाले.

१. घर, सफरचंदाची बाग व दोन गाई माझी मुलगी डॉर्कस हिला. यातून पूर्वेकडची खोली वगळली आहे.

२. माग व चरखाही डॉर्कसला. शिक्का रद्द झाला, पण मागोमाग काच, रंग, कागद, चहा यांवर जकात आली. तेव्हा आम्ही विलायती कापड सोडले आणि चाळीस जणी पाळकांच्या अंगणात सूत कातायला बसलो. जोथम म्हणायचे, "जकात किती ते सोड गं. आपल्याला विचारलं कोणी?" हे वाक्य मी मनावर कोरून घेतले होते. त्याचा उपयोग मात्र सोयीने केला.

३. गावसमितीचे माजी प्रमुख एमॉस गोरम यांना वाळवलेल्या सेजच्या पाल्याची पुडी. चहाऐवजी हाच काढा प्या, असे ते आम्हाला दटावत. हल्ली ते स्वतः दोन वेळा चहा घेतात. पुडी पोचल्याची पावती नको.

४. पूर्वेकडची खोली, तिथली शेगडी, विहिरीचे पाणी, भट्टीत पाव भाजण्याचा आणि स्वयंपाकघरातून जाण्यायेण्याचा हक्क धाकटी बहीण टॅमसिन लोरिंग, सध्या राहणार हॅलिफॅक्स, राजाच्या मुलखात, हिला तहहयात. कारण लिहिणे भाग आहे.

बोस्टनला चहा समुद्रात बुडवला म्हणून राजाने अख्खे बंदर बंद केले, आमच्या गावसभांवरही बंदी घातली. त्या शरद ऋतूत गावच्या बायकांनी चहा न पिण्याची शपथ लिहून सह्या केल्या. टॅमसिन बाळंतीण होती, आली नव्हती. आमच्या घरचे एक नाव कमी दिसू नये म्हणून तिची सही मी केली. तिला विचारले नाही.

महिन्याभरात तिच्या उशाशी चहाची किटली सापडली. समितीचे लोक घरात शिरले. गोरम यांनी किटली जप्त केली आणि शपथेचा कागद पुढे धरला. "बाई, ही सही तुमचीच ना?"

टॅमसिनने कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "माझीच. ताईच्या अक्षरासारखी वाटते ना? एकाच पाटीवर गिरवलंय आम्ही."

मी शेजारच्या बाकावर होते. गप्प बसले.

सही नसती तर ती नुसती चहा पिणारी ठरली असती. सहीमुळे शपथ मोडणारी ठरली. तिच्या नवऱ्याच्या दुकानाची पायरी कोणी चढेना, गिरणीवाला त्यांचे धान्य दळेना. गाव सोडून बोस्टनला निघताना ती म्हणाली, "राजाशी भांडताय ते कळतं गं ताई. पण मला विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं. एवढंच झालं असतं ना?"

लढाई पेटल्यावर, शहात्तरच्या मार्चमध्ये, राजाच्या फौजेबरोबर ती तिथून जहाजाने हॅलिफॅक्सला गेली. जोथम छावणीतल्या तापाने गेले. स्वातंत्र्य आले. मला ते हवेच होते, आजही हवे आहे. पण सफरचंदे सोलायला बसले की अजून मी दोन सुऱ्या काढते. टॅमसिन अख्खी साल एका लांब पट्टीत उतरवायची आणि माझ्या गळ्यात घालायची. मी नऊ पत्रे लिहिली. उत्तर नाही.

डॉर्कस म्हणते, "आई, मावशी येणार नाही. खोली शाळामास्तरांना देऊ या, निदान ऊब तरी राहील."

टॅमसिनला विचारल्याशिवाय द्यायची नाही. डॉर्कसने पत्र न पाठवता स्वतः जहाजाने जावे आणि तोंडाने विचारावे. मावशी नाही म्हणाली तर तो तिचा निर्णय. समजूत घालू नये, रडू नये. मग खोली डॉर्कसची. किटली मात्र दोन्ही परिस्थितीत टॅमसिनला. गोरम यांच्याकडून ती मीच मागून आणली होती.

५. वरील चौथे कलम माझ्या पश्चात रविवारी प्रार्थनागृहात मोठ्याने वाचावे. ही कबुली मी उभी राहून द्यायला हवी होती.

साक्षीदारांनी माझ्यासमोर आपापल्या हाताने सह्या केल्या. मी कोणाचीही केली नाही.

साक्षीदार: रूबेन हॅपगुड. लोइस हॅपगुड. एनॉक टार्बेल.

सही: केझाया फार्नम
एल्मफर्ड, नऊ ऑक्टोबर १७८७, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे बारावे वर्ष.

ता. क. टॅमसिनला जाणाऱ्या प्रतीत स्वातंत्र्याचे वर्ष घालू नये. सफरचंदे उतरवायचे दिवस, एवढे लिहावे.