दारासमोर बसलेल्या बाई आणि गाडीतून उतरलेला पेटीबोन

तीर्थरूप व्हर्नाताई,

हॉलिसचा नमस्कार. वाकून केलाय असं समज. गुडघ्यानं परवानगी दिली असती तर खरंच वाकलो असतो. तुझी पाठ कशी आहे? तिकडची कोरडी वाळवंटी हवा मानवते असं तू मागं लिहिलं होतंस, ते वाचून मॅव्हिस म्हणाली की आपणही तिकडेच राहायला जाऊ. (तुझं पत्र आलं की ती दर वेळी असं म्हणते, मग परसातल्या भेंडीकडे बघते आणि गप्प होते. बायको म्हणून ती उत्तम आहे, पण भेंडीपुढं माझं काही चालत नाही.) इकडे बाकी सगळे खुशाल. नात लेसी आता कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला लागली आहे, मांस हाडांपासून सोडवण्याच्या पट्ट्यावर. संध्याकाळी घरी येते तेव्हा बोटं मिटत नाहीत, पण पगार वेळेवर होतो आणि ती कुरकुर करत नाही. आपल्या घराण्यात कुरकुर न करणारी ती पहिलीच, त्यामुळे आम्ही थोडे घाबरून आहोत.

आता मुख्य गोष्ट. यंदा आमच्याकडे राज्याच्या कामगार आयुक्ताची निवडणूक आहे. तुमच्याकडे हा माणूस कुणीतरी वरून नेमतं म्हणे. आमच्याकडे आम्हीच निवडून देतो. हा आयुक्त नेमकं करतो काय, हे अलीकडेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. कोर्टाच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये त्याचा फोटो लावलेला असतो, एवढीच आमची ओळख. पण ताई, चौकशी केल्यावर मी थक्क झालो. राज्यातली प्रत्येक लिफ्ट, जत्रेतला प्रत्येक पाळणा, प्रत्येक कारखान्यातलं यंत्र, बुडवलेली मजुरी, सगळं या एका माणसाच्या हाताखाली. इतकी वर्षं मी त्या फोटोसमोर उभा राहून नाक शिंकरत आलो आणि त्या माणसानं मात्र मला एकदाही खाली पडू दिलं नाही. मला भरून आलं. मॅव्हिस म्हणाली, लिफ्ट फक्त दोन मजल्यांची आहे.

तुला ठाऊकच आहे की शनिवारी सकाळी आम्ही चार म्हातारे पावासारखी मऊ बिस्किटं आणि त्यावरचा दाट रस्सा खायला हॉटेलात जमतो. त्या टेबलावर पक्षाचं नाव काढायचं नाही असा कडक नियम आहे, कारण मागच्या निवडणुकीत पाकाची बाटली फुटली आणि ल्यूथरच्या टोपीचं नुकसान झालं. (ल्यूथर म्हणजे माझ्याबरोबर फर्निचरच्या कारखान्यात करवतीवर होता तो. टोपी तीच आहे.) तेव्हा असं ठरलं की एकानं दोन्ही उमेदवारांना प्रत्यक्ष भेटावं, पक्ष सोडून निव्वळ माणूस म्हणून तोलावं, आणि येऊन सांगावं. हे काम माझ्याकडे आलं. माझ्या बुद्धीचा मान ठेवला असं मला वाटलं. ल्यूथर म्हणाला की बाकीच्यांना कामं आहेत.

पहिला उमेदवार रॉयस पेटीबोन. अग्निशमन केंद्रावर तळलेल्या माशांचं जेवण होतं तिथं तो आला. उंच, रुंद, पांढऱ्या केसांचा, आणि आवाज असा की चर्चमधल्या बाजाला लाज वाटावी. आधी ट्रॅक्टर विकायचा, मग विधानसभेत गेला. त्यानं माझा हात हातात घेतला आणि मासे गार होईपर्यंत सोडला नाही. मी त्याला लेसीच्या कारखान्याबद्दल विचारलं. तिथं मागच्या बाजूला संकटकाळी बाहेर पडायचं दार आहे, त्याला बाहेरून साखळी आणि कुलूप घातलेलं असतं. कामगार कोंबड्या चोरतील म्हणून. जो तोंड उघडतो त्याची कामाची पाळी दुसऱ्या दिवशी रद्द होते, म्हणून कुणी बोलत नाही. लेसीनं आम्हाला हे सहज, भांडी घासता घासता सांगितलं होतं, आणि मॅव्हिस त्या दिवसापासून नीट झोपलेली नाही. कारखान्याचा भोंगा वेळ चुकून वाजला तरी ती दारात येऊन उभी राहते.

पेटीबोननं सगळं शांतपणे ऐकलं, डोळे मिटले, आणि दार या विषयावर तो जे बोलला ते मला जन्मात विसरता येणार नाही. दार म्हणजे मालक आणि मजूर यांच्यातला विश्वास आहे, म्हणाला. त्याच्या आजोबांच्या घराला कडीच नव्हती, म्हणाला. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. मी भारावून घरी आलो आणि सगळं भाषण मॅव्हिसला हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवलं. ती मक्याच्या पिठाची भजी (मी रुमालात बांधून आणली होती) खात ऐकत होती. शेवटी म्हणाली, "छान. पण ते दार उघडतो असं तो कुठं म्हणाला?" मी रात्रभर भाषण आठवून बघितलं. कुठंच नव्हतं. तरीही ताई, काय आवाज आहे.

दुसऱ्या उमेदवार आर्डिथ स्ट्राउड. या बाई मोज्यांच्या गिरणीत वाढल्या, पुढं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, आणि त्यांना भाषण अजिबात येत नाही. वाचनालयात त्यांची सभा होती तिथं मी, ग्रंथपाल आणि सर्दी झालेला एक गृहस्थ एवढेच. बाई खाली बघून बोलत होत्या आणि मध्येच थांबून, हे मी आधी सांगितलं का, असं विचारत होत्या. मी मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता. निघताना केवळ कर्तव्य म्हणून दाराची गोष्ट सांगितली. त्यांनी पर्स उचलली आणि विचारलं की इथून कोणत्या रस्त्यानं जायचं. मला वाटलं घरी जायचा रस्ता विचारतायत. मी सांगू लागलो तर म्हणाल्या, घर नाही, कारखाना.

त्यांच्या गाडीत घडीची खुर्ची होती (नातवाचे सामने बघायला लागते म्हणून ठेवतात). कारखान्याच्या मागं कुंपण नाहीच, नुसता ओढा आणि रस्त्याकडेची सरकारी पट्टी. त्या पट्टीवर दारासमोर त्यांनी खुर्ची मांडली, रविवारची चर्चला जायची टोपी घातली, उकडलेल्या शेंगदाण्यांची पिशवी मांडीवर घेतली आणि बसल्या. मीही शेजारी उभा राहिलो, कारण सोडून जाणं बरं दिसेना आणि दुसरी खुर्ची नव्हती. साखळी खरंच होती, गंजलेली, आणि दाराला लागून माझ्या कमरेएवढं गवत वाढलं होतं.

बऱ्याच वेळानं व्यवस्थापक डूगन बाहेर आला. तसा वाईट माणूस नाही तो, ख्रिसमसला सगळ्यांना डुकराचं मांस वाटतो. तो अगदी अदबीनं म्हणाला, "बाई, इथं बसून काय होणार आहे?"

"मला इतकंच बघायचंय की हे दार आहे की भिंत," बाई म्हणाल्या. "भिंत असेल तर तसं सांगा, मी घरी जाते."

डूगन म्हणाला दारच आहे, पण किल्ली मुकादमाकडे आहे आणि मुकादम मासे धरायला गेलाय. बाई म्हणाल्या, हरकत नाही, त्याला मासे मिळेपर्यंत बसते. आणि त्याच्यासमोर शेंगदाण्यांची पिशवी धरली. डूगननं घेतले, ताई. त्याला तरी काय सुचणार. ऊन चढलं तशी बातमी गावात पसरली, माणसं जमली, साप्ताहिकाचा वार्ताहर आला, मॅव्हिस थंड चहाचा जार घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता बाईंच्या शेजारी गवतात बसली. मी इतक्या वर्षांत तिला गवतात बसलेलं पाहिलं नव्हतं. कुणी घोषणा दिली नाही की काही नाही. सगळे एका दाराकडे बघत होते, नाटकाचा पडदा उघडायची वाट बघावी तसे.

एवढ्यात पेटीबोनची लांबलचक गाडी आली आणि काचा वर करून उभी राहिली. आत त्याची सल्लागार मंडळी जोरजोरानं माना हलवत होती. उतरला तर बाईंच्या खेळात सामील झाल्यासारखं, न उतरला तर पेपरात गाडीचा फोटो. माझ्यासारख्यालाही ती अडचण कळत होती. मग काय झालं कोण जाणे, गाडीचं दार उघडलं आणि तो एकटाच उतरला. भाषण केलं नाही. टोपी काढून बाईंना नमस्कार केला, सरळ डूगनपाशी गेला, त्याच्या खांद्यावर तो रुंद हात टाकला आणि कानात काहीतरी बोलत त्याला कोपऱ्यापर्यंत चालवत नेलं. डूगनचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, मग माणसासारखा. तो आत गेला आणि साखळी तोडायची मोठी कातर घेऊन आला.

साखळी तुटली तरी दार हलेना. डूगन आणि पेटीबोन दोघांनी मिळून ओढलं, बाईंनी खुर्चीवरून उठून गवत पायानं दाबून धरलं, आणि दार उघडलं. आतून गार हवेचा लोट आला आणि मागून माणसं. पांढरे एप्रन, डोक्याला जाळ्या, हातात रबरी मोजे. आग नव्हती, भोंगा नव्हता, कुणी त्यांना बाहेर या म्हटलं नव्हतं. उघडं दिसलं म्हणून ती आली आणि उन्हात नुसती उभी राहिली. काहींनी डोळ्यांवर हात धरले. एकानं दाराची कड बोटांनी चाचपून बघितली. ताई, मी मोठमोठी चर्चं पाहिली आहेत, एकदा समुद्रही पाहिला आहे, पण असं काही कधी पाहिलं नव्हतं. गर्दीत ल्यूथरही होता, त्यानं टोपी काढली होती, जी तो प्रार्थनेतही काढत नाही.

लेसी माझ्यासमोर येऊन म्हणाली, "आजोबा, तुम्ही इथं काय करताय? जेवलात का?"

मॅव्हिसनं तिला चहा दिला. थोड्या वेळानं सगळे आपणहून आत गेले आणि दार उघडंच राहिलं. आज आठवडा झाला, साखळी नाही, कुणाची पाळी रद्द झाली नाही. रोज संध्याकाळी मी मुद्दाम त्या रस्त्यानं फिरायला जातो आणि बघून येतो.

शनिवारी मी टेबलावर अहवाल दिला. म्हटलं, एकीकडे अशी बाई की जिला बोलता येत नाही पण जिला बसता येतं, आणि असं बसणं मी आजवर पाहिलं नाही. दुसरीकडे असा माणूस की जो मासे गार होईतो दारावर बोलला पण शेवटी एका कुजबुजीत काम करून गेला, तेही गाडीतल्या सगळ्यांचं मन मोडून. बाई बसल्या नसत्या तर तो आलाच नसता, आणि तो आला नसता तर बाई अजून तिथंच असत्या. दोघंही थोर. एवढी थोर माणसं आपली मतं मागायला येतात, आपण कोण लागून गेलो, असं म्हणून मी खाली बसलो. सगळे गंभीर झाले. मग ल्यूथर म्हणाला की मतपत्रिकेवर 'दोघंही थोर' असा चौकोन नसतो. मी म्हटलं मत गुप्त असतं आणि रस्सा पुढं कर.

तर असं आहे. पाठीला जप, उन्हात टोपी घाल. मॅव्हिसचा नमस्कार, लेसीचा मुका.

तुझा धाकटा,
हॉलिस

ता. क. — वर मी पेटीबोनचं वर्णन तू त्याला ओळखत नसल्यासारखं केलं आहे. ते मुद्दाम. तुझं मत आधीच कलुषित असू नये. चर्चच्या उन्हाळी शिबिरात तुझ्या शेजारी उभा राहून बेसूर गाणारा तो रॉयस हाच. आवाज पुढं सुधारला. चार वर्षांपूर्वी त्याची बायको गेली.

आणखी ता. क. — गाडीतून तो का उतरला हे कोण जाणे, असं मी लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. मी काचेवर टकटक केली होती. त्यानं काच खाली करून पहिल्यांदा विचारलं की व्हर्ना अजून तशीच मान मागं टाकून हसते का. मी म्हटलं की कारखान्याचं दार उघडलंस तर स्वतःच ऐक, आणि ताई, त्याला तुझा फोन नंबर दिला. तो रविवारी चर्च सुटल्यावर फोन करील. ताई, एवढंच मागणं आहे, उचल. लेसीसाठी उचल. आणि जमलं तर हस.

शेवटचं — निवडणुकीच्या दिवसाआधी करता येतं ते मतदान सुरू झालंय, मी काल करून आलो. मत बाईंना दिलं. रविवारी बोलताना हे त्याला सांगू नकोस.