खोकल्याच्या चार रकाती

१४ नोव्हेंबर

नवीन पेशंट. वय ब्याऐंशी. जन्मभर जमिनी मोजायचं काम केलं, म्हणून सगळी गल्ली 'मोजणीवाले' म्हणते. घरात फक्त त्यांची लेक, ती म्हणते अब्बा. मग मीही अब्बा. लेक माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण तिला ताई म्हणते — कामावर ठेवणारी नेहमी ताईच असते!

तब्येत खणखणीत. रक्तदाब माझ्यापेक्षा बरा. फक्त डोक्यातलं गळायला लागलंय. सकाळी तीनदा नाश्ता मागितला. तिसऱ्यांदा म्हटलं, अहो, झाला की! तर म्हणाले, "कुणाचा?"

ताईने कामं सांगितली. रात्रंदिवस इथेच राहायचं. अंघोळ, गोळ्या, फिरवून आणणं. आणि चपला घालता घालता — "पाच वेळा नमाजाला बसवायचं. मधेच विसरतात, जरा लक्ष ठेवा." मी म्हटलं, ताई, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. शिवाय देवाशी माझं बोलणं बंद आहे, तेरा वर्षं झाली. भांडण नाही, नुसतं बोलणं नाही. जावेशीही नाही.

ताई हसली. कपाटातून लहान मुलांचं एक पुस्तक काढून दिलं. तिच्याच लहानपणचं. आत सगळीकडे पेन्सिलीच्या रेघोट्या.

१५ नोव्हेंबर

पुस्तक चहाबरोबर संपवलं. वाटलं होतं काहीतरी अगम्य निघेल. सगळं पाच गोष्टींवर उभं आहे! अल्लाह एकच आणि मुहम्मद त्याचे पैगंबर, ही साक्ष द्यायची — तो कलमा. मग रोज पाच नमाज. वर्षात एक महिना रोजे, पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही — मी अकरा वाजताच आडवी होईन. शिलकीतला चाळीसावा हिस्सा गरजूला, ती जकात. आणि जमलं तर आयुष्यात एकदा मक्केला, हजला. 'जमलं तर' असं चक्क छापलंय! ऐपत नसेल, तब्येत नसेल, तर सक्ती नाही. एवढा समजूतदारपणा माझ्या सासूने दाखवला असता तर!

१६ नोव्हेंबर

नमाजाआधी वुजू, म्हणजे हातपाय धुणं. त्याला क्रम आहे. अब्बांचं तिथेच घोडं अडतं. उजवा हात धुतला की नाही आठवत नाही, म्हणून परत धुतात. आज सात वेळा. मोरीपासून पलंगापर्यंत पाणी! शेवटी मी कंडक्टरसारखी उभी राहिले. हात! गुळणी! नाक! तोंड! कोपरापर्यंत! डोकं पुसा! पाय — घोट्यापर्यंत! उतरा!

अब्बा म्हणाले, "तिकीट?"

बरे आहेत हो. मधून मधून लखलखतात.

१९ नोव्हेंबर

फरशी पुसताना त्यांची खुर्ची सरकवली आणि विसरले. ती मक्केच्या दिशेने लावलेली असते, त्यांनी स्वतः होकायंत्र लावून खूण केली होती. आज दुपारची पूर्ण नमाज फ्रिजकडे तोंड करून झाली! मी घाबरत घाबरत कबूल केलं. खूप ओरडतील वाटलं. फ्रिजकडे बघत बसले, मग म्हणाले, "त्याच्या पलीकडेही तोच आहे. पण उद्या नीट लाव. मी मोजणीवाला आहे, लोक हसतील."

मग माझीच परीक्षा घेतली. सगळ्यात आधी काय? मी म्हटलं वुजू. चूक. आधी नीयत. मनात ठरवायचं की हे मी कशासाठी करतोय. तोंडाने बोललं नाही तरी चालतं, पण मन तिथे पाहिजे. "तुझ्या मनात आत्ता काय आहे?" खरं सांगितलं — कुकरची तिसरी शिट्टी.

२२ नोव्हेंबर

पंचाईत अशी आहे. नमाजाचे भाग असतात, त्याला रकात म्हणतात. उभं राहणं, वाकणं, मग दोनदा कपाळ टेकणं, म्हणजे सजदा — झाली एक रकात. पहाटे दोन, दुपारी चार, तिसऱ्या प्रहरी चार, सूर्य मावळल्यावर तीन, मग झोपण्याआधी चार. ही नुसती सक्तीची. अब्बा खुर्चीवर बसून करतात, तेही चालतं. उभं राहवत नसेल तर बसून, बसवत नसेल तर पडून. पडूनही हलता येत नसेल तर? म्हणे नुसत्या डोळ्यांनी! सुटका म्हणून नाही.

पण अब्बांना आकडा राहत नाही. आणि नियम असा की शंका आली तर कमी आकडा धरायचा. तीन की चार? तीन धरा, एक आणखी करा. मोजणीतही तसंच करायचो म्हणाले. आता ज्याला दर वेळी शंका येते त्याचं कसं व्हायचं? दुपारची नमाज पाऊण तास चालली. मान दुखायला लागली, तरी थांबेनात.

शेवटी दोन जास्तीचे सजदे घातले. विचारलं, हे काय? म्हणाले, विसरल्याबद्दलचे. विसरणाऱ्यासाठी वेगळा नियमच आहे! आमच्या शाळेत असं काही असतं तर मी दहावी झाले असते.

२४ नोव्हेंबर

युक्ती सापडली, अब्बांशी ठरवूनही टाकली! मी मागे कपडे घड्या घालत बसते आणि मनात मोजते. रकात संपली आणि पुढे आणखी आहे — मी एकदा खोकते. खोकले नाही, म्हणजे झालं, आता बसून उजवीकडे-डावीकडे मान वळवून सलाम फिरवा, नमाज संपली. आज पाचही वेळा बिनचूक! रात्री जेवताना अब्बा दोन पोळ्या जास्त जेवले. ताई म्हणाली, आज स्वारी खूश दिसतेय.

नंतर मला हळूच — "खोकल्याचं तिला सांगायचं नाही हं." लेकीसमोर चार मोजता येत नाहीत, ही लाज. मी म्हटलं, मेले तरी नाही.

२७ नोव्हेंबर

खांद्यावर दोन फरिश्ते असतात. उजवीकडचा चांगलं लिहितो, डावीकडचा वाईट. आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकाला एकेकट्याने जाब द्यायचा. वशिला नाही, वकील नाही. मी म्हटलं, माझ्या डावीकडच्या कारकुनाला बिचाऱ्याला जेवायलाही सवड मिळत नसेल! अब्बा इतके हसले की ठसका लागला. मग मी पाठ थोपटायला गेले, तर उजव्या खांद्याला हात लावू देईनात. "हळू. लिहितोय तो."

१ डिसेंबर

आज घरात शांतता आहे, वाईट प्रकारची.

काल ताईने अब्बांना रडताना पाहिलं. दुपारची नमाज झाली होती, पण त्यांना ती झाल्याचं आठवत नव्हतं, आणि मी दुकानात गेले होते. एकटेच पुन्हा पुन्हा करत होते. तिने मौलवींना फोन केला. मौलवी म्हणाले, ज्याची शुद्ध हरपत चालली त्याच्यावर नमाज लागू नाही. माफ आहे. ताईने आनंदाने येऊन सांगितलं — "अब्बा, आता त्रास करून घ्यायचा नाही. तुम्हाला माफ आहे!"

अब्बांचा चेहरा! कुणी थोबाडीत मारावी तसा.

"कुणाला माफ असतं माहितीय?" मला विचारत होते, तिला नाही. "तान्ह्या मुलाला. आणि वेड्याला. मी तान्हा दिसतो का?"

ताई म्हणाली, "अब्बा, तुमची तगमग मला बघवत नाही हो." तिचंही खरं आहे. तिचे डोळे सुजलेत.

"मग माझ्या खांद्यावरचे दोघं काय करतायत? वही मिटून बसलेत? मी जिवंत असताना?" "मला जाब विचारा. चुकलो म्हणा. शिक्षा द्या. पण हा सोडून द्या, याला कळत नाही, असं म्हणू नका."

मला वाटलं होतं माफी म्हणजे चांगली गोष्ट. इतकी वर्षं म्हाताऱ्यांची सेवा करतेय आणि मला हे कळलं नव्हतं. आपण सगळेच त्यांना माफ करत असतो — राहू दे, त्यांना कुठे कळतंय. मीही म्हणते. दिवसातून दहादा.

२ डिसेंबर

ठरलं. मौलवी शुक्रवारी येणार. तिसऱ्या प्रहरची नमाज समोर बसून बघणार आणि मग सांगणार. अब्बांनीच अट घातली. "चार रकाती. बिनचूक केल्या तर पुन्हा 'माफ' शब्द काढायचा नाही."

मला डोळा मारला!

४ डिसेंबर

नाक चोंदलंय. घसा खरखरतोय. अरे देवा — बोलणं बंद असलं तरी — आत्ता नको!

५ डिसेंबर

रात्र झाली, सगळं लिहून टाकते.

सकाळपासून खोकला. कोमट पाणी, मध, आलं, गोळ्या — काही ढिम्म उपयोग नाही. अब्बांना आठ वाजता सांगितलं, आज खोकल्यावर जाऊ नका, मला खरा खोकला झालाय. मी चमचा कपावर वाजवीन. "कळलं." दहा वाजता सांगितलं. "कळलं म्हटलं ना!" दुपारी जेवताना सांगितलं. "कसला चमचा?" विसरतात म्हणून तर खोकला होता, तो आता अंगवळणी पडलाय! आता खोकला विसरा, हे लक्षात कसं ठेवायचं त्यांनी?

मौलवी वेळेवर आले. माझ्या भाच्याएवढे, लाजरे. अब्बांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं इतका आदर. ताई दारात. मी मागे कपड्यांचा ढीग घेऊन, तोंडात टॉवेल.

पहिली रकात. चमचा वाजवला. अब्बा थांबलेले. पुन्हा वाजवला. मौलवींनी वळून बघितलं. तेवढ्यात खोकला आला — अब्बा पुढे निघाले! दुसरी, तिसरी, चौथी, नशिबाने जमली. आता गप्प बसायचं. श्वास कोंडला. डोळ्यांतून पाणी. टॉवेल घशापर्यंत कोंबला. अब्बा सलाम फिरवायला बसलेच होते...

आणि फुटला. एक नाही, मालगाडीच!

पाचवी. सहावी. मी उठून स्वयंपाकघरात पळाले, तरी भिंत काय, खोकला ऐकू जायचाच. सातवी. आठवी. परत आले तेव्हा अब्बा धापा टाकत होते. खोकल्याला मान द्यायचा म्हणजे द्यायचा. ताईने शेवटी जाऊन खांदे धरले. "बस, अब्बा. बस झालं." ते तिच्याकडे बघत म्हणाले, "चार झाल्या?"

मौलवींनी अब्बांचे हात हातात घेतले. मौलवी स्वतःच रडत होते, पोरगंच ते. "तुम्हाला माफ आहे. अल्लाह तुमच्या जुन्या सगळ्या नमाज जाणतो."

मी तोंड उघडणार होते. मीच खोकत होते, मीच चुकवलं, म्हणून ओरडणार होते. अब्बांनी नुसती मान हलवली. नाही. मग कळलं — सांगून काय होणार? खरं सांगितलं तर चार मोजता येत नाहीत. नाही सांगितलं तर आठ करतात. दोन्हीकडून माफच.

रात्री झोपताना अब्बा मला म्हणाले, "औषध घे. छातीत उतरेल."

एवढंच. एक शब्द रागाचा नाही. त्यापेक्षा चमचा फेकून मारला असता तर बरं!

९ डिसेंबर

जेवत नाहीत. नमाजाचा गजर झाला की भिंतीकडे तोंड करतात. म्हटलं, अब्बा, वुजूला पाणी देऊ? "मला नाही. मला माफ आहे."

१२ डिसेंबर

काय ही स्मरणशक्ती, मेली! जेवलो की नाही विसरतात. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, तिला हाका मारतात. माझं नाव तर कधी लक्षात राहिलंच नाही. पण 'माफ आहे' — ते पक्कं! दगडावरची रेघ! जे विसरायला हवं तेच तेवढं धरून बसलेत.

ताईला सगळं सांगितलं. खोकला, चमचा, सगळं. म्हटलं, उद्या सामान उचल म्हणालात तरी चालेल. ती भांडी विसळत होती. नळ बंद केला नाही. म्हणाली, "मी त्यांचं ओझं उतरवायला गेले हो. मला काय माहीत ते ओझ्यावरच उभे होते."

पुस्तकात आणखी काही नियम सापडतो का म्हणून पुन्हा सगळं वाचलं. रोज्याची सूट आहे, प्रवासाची सूट आहे, आजाऱ्याची आहे, पाणी नसेल तर मातीवर हात फिरवायची सोय आहे. सूट नको असणाऱ्या म्हाताऱ्याचं काय करायचं, ते काही छापलेलं नाही.

१५ डिसेंबर

आज सूपही नाही.

१७ डिसेंबर

पहाटेचा गजर मी कालच काढून टाकला होता. तरी हाक आली. अब्बा पलंगावर उठून बसलेले, बाह्या वर सरकवलेल्या. "अगं, पाणी कुठाय? वेळ चाललीय!"

मी गडबडले. म्हटलं, अब्बा, ते... मौलवी आले होते ना त्या शुक्रवारी...

"कोण मौलवी?"

विसरले! माफ केलेलं विसरले! सपशेल, पार धुऊन!

ताई दारात उभी होती, दात घासता घासता आलेली. तिने सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे बघितलं. तिने अब्बांकडे बघितलं. मग मला म्हणाली,

"कोमट करून द्या. गार पाणी सोसत नाही त्यांना."