खिडकीतून दिसलेलं अर्धं टेबल

प्रिय ऊर्मी,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग ते पुन्हा नीट वाचलं. बाबांना भ्रम व्हायला लागलाय, त्यांना चेन्नईत एकटं ठेवायचं नाही, दिवाळीआधी पुण्याला घेऊन यायचं, असं तू ठरवूनच टाकलंस! अगं, जन्मभर रेल्वेत खात्याच्या चौकश्या केल्या मी. पुरावा तपासल्याशिवाय कुणाला दोषी धरलं नाही. बापाला तेवढी तरी सवलत दे.

फोनवर मी मध्येच जुनाट, तमिळ मिसळलेलं मराठी बोलतो म्हणतेस. बोलतो खरा. ते तंजावरचं मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या आपल्या लोकांचं. रोज कानावर पडलं की जिभेवर बसतं. हा पुरावा अगदीच लेचापेचा. शेजारच्या रविकांतची साक्ष मात्र वजनदार, कारण त्याने डोळ्यांनी पाहिलंय: टेबलावर दोन ताटं, आणि मी एकटाच बोलतोय. त्यावरून आई गेल्याचं मी विसरलो, हा तुझा निष्कर्ष. बाळा, त्याच्या खिडकीतून आमचं अर्धंच टेबल दिसतं. आई नाही हे मला रोज सकाळी उठल्याउठल्या आठवतं.

राहिलं दूध. ते आटून पातेलं जळलं, धूर बघून लोक धावत आले, हे खरंच. हा आरोप मान्य. संध्याकाळ होती, तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत समुद्राचा वारा शिरला होता. मोगऱ्याचा वास, देवळातली घंटा, सगळं झोपेत ऐकल्यासारखं लांबून येत होतं. मी गॅलरीत उभा. कोपऱ्यावरून त्या येताना दिसल्या, आणि घर, गॅस, वय, काही म्हणून आठवलं नाही. भ्रम म्हणायचाच तर याला म्हण.

त्या म्हणजे त्रिपुरसुंदरीबाई. तंजावरच्या, माझ्यासारख्याच एकट्या पडलेल्या. दुसरं ताट त्यांचं. फोनवर सांगायला जीभ रेटेना. लाज वाटली, आणि आईच्या आठवणीने तू दुखावशील याची भीतीही. दसऱ्यानंतर आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न करतोय. तिथे साक्षीदार लागतात. तू येणारच आहेस, तर सही करशील? तू नाही म्हणालीस तरी दुसरं कुणी मिळेल, लग्नही होईल. पण मला ते झाल्यासारखं वाटणार नाही गं.

तुझाच,
बाबा